पिशवी काढण्याआधीचं: बीडच्या ऊसतोड महिलांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय, म्हणजे बोलीत ‘पिशवी’, काढण्याच्या शस्त्रक्रिया देशभर गाजल्या, तेव्हा सगळा रोख खासगी डॉक्टरांवर होता. त्यांचा दोष आहेच. मात्र या प्रश्नाची सुरुवात उसाच्या फडात शोधावी लागते.

1950 नंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहत गेले. तोडीला माणसं आली ती मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या कोरडवाहू गावांतून. 1972 च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हिशेबात बाईचं वेगळं नाव नाही, पण ती एक दिवस बसली तरी खाडा (गैरहजेरी) धरला जातो आणि दंड उचलीत चढतो.

पहाटेच फडात उतरायचं, तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहायच्या, मग कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, येऊन चूल पेटवायची. कोपीला ना मोरी, ना संडास. पाणी लांबून आणायचं. पाळीचं कापड धुवायला पाणी पुरत नाही, वाळवायला आडोसा नाही. अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय, तरी हंगाम संपेपर्यंत दुखणं अंगावरच काढायचं. गावी परतल्यावर सोनोग्राफी होते आणि डॉक्टर ‘कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवतो. लेकरं झालेली, नसबंदी उरकलेली तिशीतली बाई मनाशी म्हणते, पिशवी काढली की कटकट मिटेल, खाडाही वाचेल. याला निव्वळ अज्ञान म्हणणं मला पटत नाही. त्या अटींत तिने मांडलेला तो हिशेब होता, आणि तो चुकला. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली, तर पाळी जाण्याच्या वयाचे त्रास तिशीतच सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. डोक्यावरची मोळी तेवढीच राहते.

या प्रश्नाच्या चौकशीसाठी राज्य सरकारने नेमलेल्या आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची शस्त्रक्रिया झाली होती. म्हणजे दर सहा जणींत एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या महिलांत हे प्रमाण 3.2 टक्के होतं.

बिहार, छत्तीसगडमध्येही अशाच तक्रारी झाल्या. तिथे सरकारी विम्याच्या पैशांसाठी शस्त्रक्रिया केल्याचा संशय होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2023 मध्ये राज्यांना अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करण्याचा आदेश निघाला. बीडमध्ये त्याआधीच, 2019 मध्ये, खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली होती. बाई आजारी पडते ती मात्र सांगली-कोल्हापूरच्या, नाहीतर कर्नाटकातल्या फडात. बीडच्या परवानगीने तिथला खाडा माफ होत नाही.