पासाडेनाचे फुलांचे चित्ररथ : पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील पासाडेना शहरात नववर्षदिनी निघणाऱ्या ‘रोझ परेड’च्या मुळाशी चक्क मिरवण्याची हौस आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातील थंडी सोडून येथे येऊन राहिलेल्या सुखवस्तू मंडळींच्या ‘व्हॅली हंट क्लब’ला, न्यूयॉर्क बर्फाखाली असताना आपल्या अंगणात गुलाब फुलले आहेत, हे जगाला दाखवायचे होते. निसर्ग-अभ्यासक चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी तशी कल्पना मांडली आणि १ जानेवारी १८९० रोजी सभासदांनी आपापल्या घोडागाड्या फुलांनी सजवून रस्त्यावर आणल्या. दुपारी शर्यती आणि रस्सीखेच झाली. पाहायला सुमारे दोन हजार लोक जमले. चित्ररथ म्हणावे असे त्यात काही नव्हते. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, त्याचेच ते थोरले रूप होते.

पसारा वाढल्यावर १८९५ मध्ये आयोजनासाठी ‘टूर्नामेंट ऑफ रोझेस असोसिएशन’ स्थापन झाली. पुढे मोटारी आल्या, गाडीचा आकार घोड्यांच्या ताकदीवर अवलंबून राहिला नाही आणि सजवलेल्या गाडीऐवजी चाकांवरचा देखावा उभा राहू लागला. इझाबेला कोलमन यांनी काही दशके चित्ररथ घडवताना एकेक फूल स्वतंत्रपणे चिकटवण्याचे तंत्र रुळवले. चित्ररथाचा डोळ्यांना दिसणारा प्रत्येक भाग फुले, पाने, बिया, साल अशा वनस्पतिजन्य वस्तूंनीच झाकला पाहिजे, हा या परेडचा कडक नियम आहे आणि माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे. काळा रंग हवा असेल तर डबा उघडून चालत नाही, कांद्याचे बी चिकटवावे लागते. बिया, साल असे टिकाऊ जिन्नस आधी लागतात. नाजूक फुलांचे काम नाताळ उलटल्यावरच्या मोजक्या दिवसांत उरकावे लागते. गुलाबाचा देठ पाण्याने भरलेल्या बोटभर नळीत खोचतात आणि ती नळी चित्ररथाच्या अंगात रोवतात, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटरची वाट संपेपर्यंत फूल माना टाकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात १९४२, १९४३ आणि १९४५ साली, तसेच करोनामुळे २०२१ साली ही मिरवणूक निघाली नाही. एरवी तिला वर्ज्य आहे तो फक्त रविवार. चर्चबाहेर बांधलेले घोडे बुजतील म्हणून १८९३ मध्ये ती सोमवारवर ढकलली गेली. चर्चच्या दारात घोडे बांधण्याचे दिवस केव्हाच सरले, तरी २०२३ मध्ये १ जानेवारीला रविवार आला, तेव्हा चित्ररथ निघाले ते २ तारखेलाच.