‘हेल्ड’ म्हणे! पण धरलंय कोणी?

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ॲप्ट या साधनाने एखादं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, टाकायला जावं आणि ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ (तुम्ही बिघडलेली पॅकेजं धरून ठेवलीत) असं उत्तर यावं. माणूस निमूटपणे धरलेल्या पॅकेजांची यादी मागणारी ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ ही आज्ञा चालवतो, तर यादी रिकामी.

‘होल्ड’ हा शब्द ॲप्टहून जुना. पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीच्या जोडीला ती निवडायचं डीसिलेक्ट होतं त्या काळातली ही खूण: पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर थांबवा. १९९९ साली, उबुंटू ज्यावर उभं आहे त्या डेबियनच्या २.१ आवृत्तीसोबत ॲप्ट आलं. त्याचा सॉल्व्हर, म्हणजे कोणती पॅकेजं एकत्र बसतील ते जुळवणारा भाग, पॅकेजांना गुण देई आणि भांडण झालं की जास्त गुणवाल्याचं ऐके. मागे फिरून दुसरी वाट धरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गाडं अडलं की हे वाक्य छापून मोकळा. खरोखर होल्ड लावलेला असू शकतो, पण बहुतेक वेळा अर्थ एवढाच, की ‘मला जुळवता आलं नाही’. खापर मात्र वापरणाऱ्याच्या डोक्यावर! हे वाक्य इतकी वर्षं तसंच राहू दिलं, याला माझ्या मते आळस म्हणतात.

उबुंटू २२.०४ वरचं नेहमीचं दुखणं घ्या. प्रोग्रॅम बांधायला लागणाऱ्या लिबसी६-डेव्हला लिबसी६ या मूळ सी लायब्ररीची नेमकी २.३५-०उबुंटू३ हीच आवृत्ती हवी, आणि मशीनवर बसलीय २.३५-०उबुंटू३.१. कोणती आवृत्ती कुठून येते ते दाखवणारं ‘ॲप्ट पॉलिसी लिबसी६’ केलं की बसलेल्या आवृत्तीखाली एकाही रेपोचा, म्हणजे पॅकेजं पुरवणाऱ्या साठ्याचा, पत्ता दिसत नाही, फक्त १०० हा प्राधान्याचा आकडा आणि डीपीकेजीची स्टेटस फाइल (बसवलेल्या पॅकेजांची नोंदवही). म्हणजे सोर्सेस या रेपोंच्या यादीतली ‘अपडेट्स’ची ओळ कोणीतरी बंद केलीय. ती चालू करून ‘ॲप्ट अपडेट’ दिलं की गाठ सुटते. होल्डचा इथे काडीचा संबंध नाही.

२०२४ मध्ये वेगळाच घोळ. २०३८ साली ३२ बिटांत वेळ मावणार नाही, म्हणून लायब्ररींच्या नावांना ‘टी६४’ शेपूट लागलं, तेही जिथे आत काहीच बदललं नव्हतं अशा ६४-बिट मशीनवरसुद्धा. उबुंटू २४.०४ वर लिबअसाउंड२ ही आवाजाची लायब्ररी मागितली की ‘हे व्हर्च्युअल पॅकेज आहे (नुसतं नाव, जे दुसरी पॅकेजं पुरवतात), यातलं एक निवडा’ असं ऐकावं लागतं; जुन्या इन्स्टॉल स्क्रिप्ट तिथेच आडव्या होतात.

एप्रिल २०२५ मधल्या ॲप्ट ३.० सोबत नवा सॉल्व्हर आला. हा मागे फिरतो, आणि अडलाच तर कोणते दोन निर्णय एकमेकांना छेद देतात ते साखळीसकट दाखवतो. २२.०४ च्या सर्व्हरवर मात्र अजून तेच जुनं ‘हेल्ड’.