स्पॅनिशमधील अनौपचारिक आज्ञार्थ आणि कर्म-सर्वनामे

स्पॅनिश भाषेत ‘तू’ म्हणून ज्याच्याशी बोलावे अशा व्यक्तीला काही करायला किंवा न करायला सांगताना क्रियापदाचे जे रूप वापरतात, त्याला अनौपचारिक आज्ञार्थ म्हणतात. आणि त्या क्रियेचे कर्म पुन्हा नावाने न उच्चारता त्याच्या जागी जी छोटी सर्वनामे येतात, ती प्रत्यक्ष कर्माची सर्वनामे होत. मे, ते, लो, ला, नोस, ओस, लोस, लास अशी ती आठ रूपे आहेत. व्याकरणाच्या पुस्तकांत आज्ञार्थ आणि सर्वनामे हे बहुधा दोन वेगळे धडे असतात, पण बोलताना ती एकमेकांना चिकटूनच येतात, म्हणून त्यांचा अभ्यास एकत्र करणेच योग्य ठरते. सोलापूरच्या मराठी भाषकाला या विषयाचा अर्धा भाग जवळजवळ आयता मिळालेला असतो. उरलेला अर्धा मात्र त्याची परीक्षा पाहतो.

आयता भाग म्हणजे होकारार्थी आणि नकारार्थी आज्ञांतला फरक. सोलापुरी चादर ‘दुमड’ असे सांगायचे तर स्पॅनिशमध्ये ‘दोब्ला ला मान्ता’ म्हणतात. ‘मान्ता’ म्हणजे जाड पांघरूण, आणि ते चादरीप्रमाणेच स्त्रीलिंगी आहे. ‘दुमडू नकोस’ म्हणताना मात्र क्रियापदच बदलते : ‘नो दोब्लेस’. ज्या क्रियापदांच्या मूळ रूपाच्या शेवटी ‘आर’ असते त्यांच्यात ‘आ’चा ‘ए’ होतो, आणि ‘एर’ किंवा ‘ईर’ने संपणाऱ्यांत ‘ए’चा ‘आ’ होतो, जसे ‘कोमे’ म्हणजे ‘खा’, पण ‘नो कोमास’ म्हणजे ‘खाऊ नकोस’. नुसता ‘नो’ लावून काम का भागत नाही, हा प्रश्न अनेकांना पडतो. मराठीतही ते भागत नाही, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ‘दुमड’चे ‘दुमडू’ होते आणि पुढे ‘नकोस’ येते. त्यातही होकारात शेवटी काही लागत नाही, नकारात मात्र ‘स’ येतो. ‘दोब्ला’ आणि ‘नो दोब्लेस’ यांतही नेमके तेच घडते. लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये आलेला हा द्वितीयपुरुषी ‘स’ आणि संस्कृतच्या ‘गच्छसि’मधला ‘सि’ यांचे मूळ एकच आहे, तसेच ‘तू’ हे सर्वनामही दोन्हीकडे एकाच जुन्या शब्दापासून आलेले आहे. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही रोज कानावर पडतात, आणि तिथेही ‘चेय्यि’चा नकार ‘चेय्यकु’ व ‘माडु’चा ‘माडबेड’ होतो. नकारासाठी वेगळे रूप लागते ही गोष्ट या शहराच्या कानाला नवी नाही.

होकारार्थी रूपांत आठ क्रियापदे अनियमित असून ती पाठच करावी लागतात : दी (सांग), आस (कर), बे (जा), पोन (ठेव), साल (बाहेर पड), से (हो), तेन (धर, घे) आणि बेन (ये). नकारात यांतली बरीचशी पुन्हा लांब होतात : ‘दी’, पण ‘नो दीगास’, ‘पोन’, पण ‘नो पोंगास’. ‘बे’ आणि ‘बेन’ यांची गल्लत सुरुवातीला सर्वांचीच होते. ‘बेन!’ अशी हाक आली की मराठी माणूस सवयीने ‘आलो’ म्हणेल, पण स्पॅनिश माणूस ‘बोय’, म्हणजे शब्दशः ‘जातो’, असे उत्तर देतो.

खरी अडचण सर्वनामाची आहे, कारण मराठी ते बहुतेक वेळा गाळते. चाटी गल्लीतल्या कापड दुकानात मालक नोकराला ‘ती चादर काढ, दाखव, परत दुमड’ असे सांगतो तेव्हा ‘चादर’ एकदाच उच्चारली जाते आणि पुढच्या दोन्ही क्रियापदांना ती मनातल्या मनात पुरते. स्पॅनिशमध्ये ती पुरत नाही. प्रत्येक क्रियापदाच्या शेपटाला ‘ला’ जोडावाच लागतो, म्हणून ‘दुमड’चे ‘दोब्लाला’ होते. हे मराठीच्या वळणाविरुद्ध असल्याने शिकणाऱ्याच्या तोंडून नुसतेच ‘दोब्ला’ निघते आणि ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट वाटते.

लिंगाचा घोळ याला जोडूनच येतो. चादर आणि ‘मान्ता’ दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने तिथे चूक होत नाही, पण सोलापूरचा दुसरा प्रसिद्ध माल म्हणजे टॉवेल. तो मराठीत पुल्लिंगी, तर स्पॅनिश ‘तोआया’ स्त्रीलिंगी. साहजिकच स्त्रीलिंगी ‘ला’ऐवजी पुल्लिंगी ‘लो’ लावून ‘दोब्लालो’ अशी चूक होते. उलट भाकरी स्त्रीलिंगी, पण ‘पान’ म्हणजे पाव पुल्लिंगी, म्हणून ‘खा’ म्हणताना ‘कोमेलो’. नवा शब्द शिकताना तो लिंगदर्शक उपपदासकट, म्हणजे ‘ला तोआया’, ‘एल पान’ असाच पाठ करावा. यापेक्षा भरवशाचा मार्ग नाही.

कर्म माणूस असेल तर स्पॅनिशमध्ये त्याच्या आधी ‘आ’ येतो : ‘यामा आ तू एर्माना’, म्हणजे ‘तुझ्या बहिणीला बोलाव’. मराठीतही ‘चादर आण’ पण ‘बहिणीला बोलाव’ असा भेद आहेच, त्यामुळे हा नियम इंग्रजीतून शिकणाऱ्यापेक्षा मराठीतून शिकणाऱ्याला फार लवकर पटतो. सर्वनाम लावल्यावर मात्र तो ‘आ’ जातो आणि ‘यामाला’ एवढेच उरते. कर्म पुरुष असेल तर नियमाने ‘यामालो’. स्पेनमध्ये मात्र पुष्कळजण ‘यामाले’ म्हणतात आणि एकवचनी पुरुषापुरते ते प्रमाण भाषेतही मान्य आहे.

सर्वनामाची जागा होकारात क्रियापदामागे आणि नकारात त्याच्या आधी असते : ‘दोब्लाला’, पण ‘नो ला दोब्लेस’. याचे कारण जुन्या स्पॅनिशमध्ये सापडते. तेव्हा ही आघातहीन, म्हणजे जोर न देता उच्चारली जाणारी, सर्वनामे वाक्याच्या आरंभी येऊ शकत नसत. आज्ञेत क्रियापद पहिले असल्याने सर्वनाम त्याच्या मागे जाई, आणि ‘नो’ने पहिली जागा घेतली की ते पुढे सरके. बाकीच्या वाक्यांतून हे बंधन पुढे सुटले, आज्ञेत त्याची खूण राहिली. दोन सर्वनामे आली तर ज्याला द्यायचे ते आधी आणि जे द्यायचे ते नंतर येते. ‘नो मे लो देस’ हे ‘मला ते देऊ नकोस’शी क्रमाने ताडून पाहावे, ‘नो’ सोडला तर शब्द जिथल्या तिथे बसतात. होकारात तेच ‘दामेलो’ असे एका श्वासात जोडले जाते. ‘त्याला’ किंवा ‘तिला’ या अर्थाचा ‘ले’ मात्र ‘लो’ किंवा ‘ला’च्या शेजारी टिकत नाही, त्याचा ‘से’ होतो : ‘दाले ला मान्ता’, पण ‘दासेला’.

सर्वनाम जोडले तरी आघात मूळ जागेवरच राहतो. ‘दोब्लाला’मध्ये जोर ‘दो’वर आहे, आणि तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर गेल्यामुळे लिहिताना त्या स्वरावर आघातचिन्ह द्यावे लागते. ‘पोनलो’सारख्या दोन अक्षरी रूपाला ते लागत नाही. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्याने ही बाब किरकोळ वाटते, पण तशी ती नाही : अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ वापरतात, तिथली आज्ञा देवनागरीत ‘दोब्ला’ अशीच दिसत असली तरी जोर ‘ब्ला’वर असतो, म्हणून स्पॅनिशमध्ये ती शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह देऊन लिहितात, आणि ‘दोब्लाला’ म्हणतानाही जोर तिथेच राहतो.