संत्र्याच्या गोडीतला फरक: बागेचा की झाडाचा?

काटोलची संत्री गोड की कळमेश्वरची, यावर नागपुरात कितीही वेळ वाद घालता येतो. गोडी मोजणं मात्र सोपं आहे. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे भिडतो, तो आकडा म्हणजे ब्रिक्स: रसात विरघळलेल्या पदार्थांचं शेकडा प्रमाण, त्यात बहुतांश साखर. खरी अडचण पुढे आहे. एका बागेतली दोन झाडं सारखी नसतात, तशा दोन बागाही नसतात. मग आकड्यांच्या चढउतारात बागेचा वाटा किती आणि झाडाचा किती?

आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत, याचं माप म्हणजे व्हेरिअन्स. त्यातल्या या वाट्यांना व्हेरिअन्स कंपोनंट म्हणतात. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८६१ मध्येच दुर्बिणीच्या नोंदींमधला रात्रीरात्रीचा फरक असा वेगळा काढला होता. पुढे अमेरिकेत चार्ल्स हेंडरसन यांनी गायींच्या नोंदींसाठी १९५३ मध्ये त्याची रीतसर पद्धत बसवली.

समजा, ६ बागा निवडल्या. प्रत्येकीत १० झाडं, त्यातली ५ जंभेरीच्या खुंटावर (म्हणजे ज्या मूळझाडावर संत्र्याचं कलम बांधतात त्यावर) आणि ५ रंगपूर लाइमच्या. खुंट दोनच आहेत आणि आपल्याला नेमकी त्यांचीच तुलना हवी आहे. म्हणून खुंटाचा परिणाम स्थिर मानायचा. बागांचं तसं नाही. त्या इतर असंख्य बागांच्या वतीने आल्या आहेत, उद्या दुसऱ्याही निवडता येतील. म्हणून त्यांचा परिणाम यादृच्छिक, म्हणजे योगायोगाने निवडीत आलेला. दोन्ही एकत्र आले की झालं मिक्स्ड मॉडेल. ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमधल्या एलएमई-फोर पॅकेजला ते एका ओळीत सांगता येतं: ब्रिक्स ~ खुंट + (१ | बाग). कंसातला भाग म्हणजे बागेचा यादृच्छिक परिणाम.

आता आकडेमोड. खुंटाचा परिणाम बाजूला काढल्यावर बागेतल्या झाडाझाडांमधला व्हेरिअन्स २ आला असं धरू. बागा हुबेहूब सारख्या असत्या, तरी १०-१० झाडांच्या सरासरी थोड्या मागेपुढे झाल्याच असत्या. तो व्हेरिअन्स २ भागिले १०, म्हणजे ०.२. प्रत्यक्षात बागांच्या सरासरींचा व्हेरिअन्स ०.५ निघाला, तर बागांचा स्वतःचा वाटा ०.३. एकूण २.३ पैकी जेमतेम १३ टक्के. बाकीचा सगळा फरक बागेच्या कुंपणाच्या आतलाच! काटोल-कळमेश्वरच्या वादात हे कुणी बोलत नाही.

हीच आकडेवारी ‘स्टेटा’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, तर ०.३० ऐवजी ०.२२ येईल. कुणाचंच चुकलेलं नसतं. स्टेटा आपणहून मॅक्सिमम लाइकलिहूड वापरतं, म्हणजे हाती आलेले आकडे ज्या किमतींमुळे सर्वात संभाव्य ठरतात त्या निवडतं. त्यात बागांची सरासरी त्याच ६ बागांवरून काढली आहे याची वजावट होत नाही, त्यामुळे ०.५ चे पाच-षष्ठांशच हाती लागतात, आणि त्यातून झाडांचे ०.२ गेले की उरतात ०.२२. पॅटरसन आणि थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये मांडलेली ‘रेमल’ पद्धत ही वजावट करते, आणि एलएमई-फोर सांगितलं नाही तरी तीच वापरतं. प्रबंधात नुसतं ‘सॉफ्टवेअर वापरून’ लिहिणाऱ्यांनी पद्धतीचंही नाव लिहायला हवं.

सरासरींचा व्हेरिअन्स ०.१५ निघाला असता तर? वजाबाकी उणे ०.०५. उणे व्हेरिअन्सला अर्थ नाही, म्हणून रेमल शून्यावर थांबतं आणि पडद्यावर ‘सिंग्युलर फिट’ची सूचना येते. ती वाचून बरेच जण बागेचं पद मॉडेलमधूनच काढून टाकतात. माझ्या मते ही घाई आहे. शून्य म्हणजे बागा सारख्या असल्याचा पुरावा नव्हे. एवढ्या माहितीत बागांचा वाटा झाडांच्या गोंधळातून वेगळा दिसला नाही, इतकंच.

आणि ती माहिती किती तोकडी आहे बघा. वरच्या ०.३ ची प्रमाण त्रुटी, म्हणजे हा अंदाज साधारण किती मागेपुढे होऊ शकतो ते, जवळपास ०.३२ आहे, आकड्याहून मोठी. एलएमई-फोर ती छापतच नाही, आणि तेही जाणूनबुजून: अशा अंदाजाचं वितरण एका बाजूला कललेलं असतं, त्यामुळे ‘अधिक-उणे’ लिहिणं फसवं ठरतं. त्याऐवजी प्रोफाइल पद्धतीने विश्वास-अंतराल, म्हणजे खरी किंमत ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावी तो पट्टा, काढून घ्यावं. ते डावीउजवीकडे सारखं नसतं.

झाडं वाढवली तर? त्याच ६ बागांत १०-१० ऐवजी १००-१०० झाडं मोजली, तर त्रुटी ०.२० वर येते. पुढे अगणित झाडं मोजली तरी ती ०.१९ च्या खाली जात नाही, कारण बागा सहाच आहेत. तीच ६०० झाडं ६० बागांत वाटली, तर त्रुटी ०.०९. अर्थात ६० बागा म्हणजे ६० मालकांची परवानगी, आणि तोडणीच्या आत नरखेड-सावनेरपर्यंतच्या चकरा. निधी मागताना झाडांचा आकडा मोठा दाखवणं सोपं असतं. तपासणाऱ्याने मात्र आधी बागांचा आकडा विचारावा.