जॅव्हेलिनाची शिकार (सोनोरा वाळवंट)

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, सोनोरा वाळवंटाच्या डोंगरउतारांवर जॅव्हेलिना उर्फ पट्टेवाला पेकरी या प्राण्याची शिकार होते. फोटो बघून आपल्याकडे कोणीही रानडुक्कर म्हणून मोकळं होईल, पण पेकरीचं कुळच वेगळं आहे, तो मूळचा अमेरिका खंडातलाच, सुळे बाहेर न वळता सरळ असतात, वजन साधारण २०-२५ किलो, गळ्याभोवती पांढरट पट्टा आणि पाठीवर शेपटीच्या जरा पुढे वासाची ग्रंथी, त्या वासानेच कळपातले एकमेकांना ओळखतात.

खाणं मुख्यतः फड्या निवडुंग, तेही काट्यांसकट, आणि पाण्याची बरीचशी गरजही त्यातूनच भागते. म्हणून शिकारी आधी दातांनी फाडलेली निवडुंगाची पानं आणि उकरलेली घायपात शोधतात (ही दोन्ही झाडं आपल्याकडे तिकडूनच आलीत).

सीझन हिवाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च, आणि बहुतेक परमिटं लॉटरीने मिळतात. धनुष्यबाण, पिस्तूल, रायफल यांचे सीझन वेगवेगळे. खरं काम मात्र बंदुकीचं नाहीच, डोळ्यांचं आहे. पेकरीच्या अंगावर नुसते राठ केस, आत ऊबदार लव नसते, त्यामुळे थंडीच्या सकाळी कळप ऊन खायला दक्षिणेकडच्या उतारावर येतो, आणि समोरच्या टेकडीवर ट्रायपॉडला दुर्बीण लावून तासन्‌तास एकेक झुडूप तपासत बसावं लागतं, कारण करडा प्राणी करड्या दगडांत दिसतच नाही. एकदा दिसला की वारा बघायचा. नजर त्याची कमजोर असते, पण नाक जबरदस्त, वारा फिरला की कळप दात कटकटवत चहूकडे पांगतो. काही जण पिल्लाच्या किंकाळीसारखी शिट्टी वाजवतात, मग कधीकधी अख्खा कळप अंगावर धावून येतो.

पिल्लं वर्षभर कधीही होतात, म्हणून गोळी झाडण्याआधी मादीच्या पायाशी तांबूस पिल्लू नाही ना हे बघायलाच हवं, इथे घाई करणं चूक.

मांस घाण लागतं ही बदनामी फुकटची आहे. ग्रंथी कातडीलाच चिकटलेली असते, कातडीबरोबर निघून येते, फक्त केसांना लागलेला हात किंवा सुरी धुतल्याशिवाय मांसाला लावायची नाही आणि मांस लवकर गार करायचं, एवढं पाळलं की त्याचा मसालेदार चोरिझो (एक प्रकारचा सॉसेज) उत्तम होतो.