काळपट सिगार म्हणजे कडक सिगार? मुळीच नाही

पुण्यात कॅम्पात सिगार घ्यायला गेलेल्या नवख्याला हमखास सल्ला मिळतो : काळपट उचलू नका, डोकं गरगरेल. हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो साफ चुकीचा आहे. आपल्याला दिसतो तो रंग फक्त वरच्या आवरणाच्या पानाचा. ‘मदुरो’ म्हणजे काळपट आवरणाचं पान गडद होतं ते जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवल्यामुळे. उलट त्यात कोको-कॉफीसारखी गोडसर चव उतरते. कडकपणा ठरतो मुख्यतः आतल्या भरणीवर. रोपाच्या शेंड्याजवळची, भरपूर ऊन खाल्लेली ‘लिहेरो’ पानं जाड आणि निकोटीनने भरलेली असतात. ती किती घातली, यावर सगळं. त्यामुळे फिकट आवरणाचा सिगारसुद्धा घाम फोडू शकतो.

पारख करायची तर पेटवण्याआधी एक कोरडा झुरका घेऊन बघा. पेटवल्यावर मिनिटाला एखादाच, धूर तोंडातच. घाईने ओढला की सौम्य सिगारही तापून कडवट होतो आणि खापर रंगावर फुटतं. एप्रिल-मेच्या पुणेरी कोरड्या हवेत उघडा राहिलेला सिगारही असाच भराभर जळतो. ६५ ते ७० टक्के आर्द्रतेची पेटी हवीच. अर्थात धूर छातीत घेतला नाही तरी निकोटीन तोंडातून शोषलं जातंच, कर्करोगाचा धोकाही टळत नाही.