पाण्याच्या दिवशीचे केशरी ठिपके

आमच्या लातूरच्या गल्लीत आठ दिवसांनी नळाला पाणी आलं की सगळी कामं एकदम निघतात. हौद घासायचा, ड्रम विसळायचे, साठलेलं धुणं उरकायचं. गेल्या संक्रांतीआधी त्याच गडबडीत आईच्या काळ्या सुती साडीवर हौद धुण्याच्या टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पाण्याचे शिंतोडे उडाले. दहा-पंधरा मिनिटांनी पदरावर मुगाएवढे केशरी ठिपके उमटले. आईनं साबण लावला, लिंबू चोळलं, शेवटी ब्रशनं घासलं. ठिपके हलले नाहीत. तिथली लव मात्र उभी राहिली.

घासून ते जाणारच नव्हते. डाग म्हणजे कापडाला काहीतरी चिकटलेलं असतं. इथं चिकटलं काहीच नव्हतं, उलट कापडातला रंग गेला होता.

रंगाच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते आणि प्रकाश शोषण्याचं काम ती साखळी करते. ब्लीचमधलं हायपोक्लोराइट तिच्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेतं, साखळी तुटते. तुकडे धाग्यात राहिले तरी ते डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोषत नाहीत. मग ठिपका पांढरा न होता केशरी का? कारण सुती कापडाचा काळा रंग बहुतेक वेळा मिश्रण असतो: गडद निळ्यात थोडा केशरी, थोडा लाल. निळा भाग आधी मोडला की उरलेला केशरी दिसू लागतो. निळ्या जीन्सवर मात्र बहुतेक वेळा नुसती नीळ असते, म्हणून ती थेट पांढरी पडते.

रसायनशास्त्रज्ञ शीलनं १७७४ मध्ये क्लोरिन वेगळा केला, दुसरा रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यानं १७८५ मध्ये त्यानं कापड शुभ्र होतं हे दाखवलं आणि १७९९ मध्ये टेनंटनं त्याची पावडर करण्याचं पेटंट घेतलं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती हीच पावडर. नळाच्या पाण्याची भीती बाळगू नका. त्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरिन असतो. घरगुती ब्लीचच्या बाटलीत सुमारे ५ टक्के, म्हणजे जवळपास लाखपट.

शिंतोडा उडाला की लगेच भरपूर पाण्यानं धुवा. आपल्याकडे पाणी जपून वापरायची सवय, एका बादलीत सगळं विसळतो, आणि नेमकं तेच इथं नडतं. मागे राहिलेलं ब्लीच रंगावर थांबत नाही, सुताच्या सेल्युलोजच्या साखळ्याही तोडतं. काही धुण्यांनंतर ठिपक्याच्या जागी भोक पडतं ते यामुळे. म्हणून लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून कापड दहा मिनिटं बुडवावं आणि पुन्हा धुवावं. फोटोवाले पूर्वी वापरत तेच हे. शोभेच्या माशांच्या दुकानातही मिळतं. ते उरलेल्या क्लोरिनला निकामी करतं.

लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. आम्ल पडलं की ब्लीचमधून क्लोरिन वायू सुटतो. क्षारांचे थर काढायला बाथरूममध्ये ॲसिड आणि पाठोपाठ टीसीएल टाकणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून हे कधीही करू नका, बंद खोलीत तो वायू जिवावर बेततो.

गेलेला रंग परत येत नाही, नवा द्यावा लागतो. आधी कापडाचा एक धागा जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत, वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर, केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. रेशमाला ब्लीच अक्षरशः विरघळवतं, तेव्हा पैठणी असेल त्या खोलीत ब्लीचची बाटली उघडूच नये.

आईची साडी सुती होती. केशरीवर थेट काळा दिला तर ठिपका तांबूस झाक मारतो, म्हणून आधी कापसाच्या बोळ्यानं फक्त ठिपक्यांवर निळा रिॲक्टिव्ह रंग लावला. त्यात धुण्याचा सोडा होता. सोड्यानं पाणी अल्कधर्मी झालं की हा रंग सेल्युलोजशी पक्का रासायनिक बंध जोडतो. रात्रभर ओलं ठेवून धुतलं आणि मग रंगाऱ्याकडून अख्खी साडी काळी करून घेतली.

संक्रांतीला आई तीच नेसली. उन्हात पदर तिरपा धरला तर दोन ठिपके अजून ओळखू येतात. पदराच्या पिकोचा दोरा पॉलिस्टरचा आहे. त्याला ना ब्लीच लागलं, ना रंगाऱ्याचा रंग.